अंडी उबवली, पण पिल्लं कमीच निघाली? दोष शोधायचा कसा

उबवणी यंत्रात कोंबडीची बारा अंडी बसवली आणि तीन-चारच पिल्लं निघाली, की बहुतेक जण उरलेली अंडी कचऱ्यात टाकतात आणि पुढच्या खेपेला तापमान अर्ध्या अंशाने वाढवून बघतात. तेही जमलं नाही की पाणी जास्त ठेवतात. मग यंत्र बदलतात. खरं तर बिघाड कुठे झाला हे त्या कचऱ्यात टाकलेल्या अंड्यांतच लिहिलेलं असतं. गर्भ कितव्या दिवशी मेला हे कळलं की संशयितांची यादी दोन-तीन नावांवर येते. म्हणून आधी अंडी फोडून बघायची आणि मगच यंत्राच्या बटणाला हात लावायचा. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

हाताशी काय हवं

- अंडी तपासायला प्रखर टॉर्च आणि अंधारी खोली
- यंत्रावरच्या आकड्याखेरीज एक वेगळा, वायरच्या टोकाला सेन्सर असलेला थर्मामीटर
- वेगळा हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजायचं उपकरण)
- ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर
- एक ग्रॅमपर्यंत अचूक वजनकाटा
- शिसपेन्सिल (शाईचं पेन किंवा मार्कर नको)
- वही
- हातमोजे, जुनं ताट, प्लास्टिकच्या पिशव्या

मोबाइलमध्ये नोंदी ठेवल्या तरी चालतील, पण वही यंत्रावरच पडून राहते, त्यामुळे नोंद चुकत नाही.

## १. आधी हिशेब नीट मांडा

"पन्नास टक्केच निघाली" असं म्हणण्याआधी कशाचे पन्नास टक्के ते बघा. समजा वीस अंडी बसवली, त्यातली सहा कोरी निघाली, म्हणजे फळलेलीच नव्हती, आणि पिल्लं निघाली दहा. बसवलेल्या अंड्यांवर हिशेब केला तर ५० टक्के. फलित अंड्यांवर केला तर चौदापैकी दहा, म्हणजे ७१ टक्के. घरगुती यंत्रासाठी हा आकडा वाईट नाही. इथे यंत्र बरंच चांगलं चाललंय. दोष कोंबड्याकडे आहे. अशा वेळी तापमानाशी खेळलात तर चांगलं चाललेलंही बिघडेल.

पार्सलने लांबून आलेल्या अंड्यांना हा मापदंड लावू नका. धक्क्यांनी हवेची पोकळी सुटते, आतले पडदे दुखावतात. अशा अंड्यांतून निम्मी पिल्लं निघाली तरी मी समाधान मानतो.

दिवस मोजण्यातही गडबड होते. अंडी ठेवली तो दिवस 'शून्य'. सोमवारी संध्याकाळी ठेवली तर तीन आठवड्यांनी सोमवारीच २१ दिवस पूर्ण होतात. ठेवल्या दिवसाला 'पहिला' म्हणून मोजणारे अंडी फिरवणं एक दिवस आधी थांबवतात आणि पिल्लं उशिरा आली म्हणून उगाच घाबरतात.

## २. न फुटलेली अंडी फोडून बघा

२३ वा दिवस पूर्ण संपू द्या. मग प्रत्येक अंडं कानाशी धरून ऐका, टॉर्चवर बघा. हालचाल, चिवचिव, टोचण्याचा आवाज, यातलं काहीही असेल तर ते अंडं परत आत ठेवा. घाण वास येणारं, पाझरणारं किंवा कवचावर घामासारखे थेंब असलेलं अंडं फोडायच्या भानगडीत पडू नका. आतल्या वायूने ते हातात फुटतं. ते थेट पिशवीत बांधून टाकून द्या आणि वहीत "नासलेलं" अशी नोंद करा.

बाकीची अंडी उघड्यावर, हातमोजे घालून, बोथट टोकाकडून फोडा. हवेची पोकळी त्या बाजूला असते, त्यामुळे आतलं चित्र न बिघडता दिसतं. कवच सोलून आधी पोकळी किती मोठी आहे ते बघा, मग पडदा काढा. काम किळसवाणं आहे, पण दोन-चार अंड्यांनंतर नजर बसते.

गर्भाचं वय ओळखायच्या खुणा:

- रक्तवाहिन्यांचं जाळं, मध्ये ठिपका: साधारण तिसरा दिवस
- डोळ्याचा काळा ठिपका स्पष्ट दिसतो: चौथा-पाचवा दिवस
- चोच आणि बोटं ओळखू येतात: साधारण आठवडा पूर्ण
- अंगावर पिसांची लव दिसू लागते: अकरा-बारा दिवस
- सगळं अंग लवेने झाकलेलं: चौदा दिवस
- पिल्लाने अंडं भरलेलं, डोकं उजव्या पंखाखाली, बलक अजून बाहेर: अठराच्या आसपास
- बलक पोटात ओढला गेलाय, चोच हवेच्या पोकळीत: विसावा दिवस

दिवस अचूक काढायची गरज नाही. पहिला आठवडा, मधला काळ की शेवटचे तीन दिवस, एवढं ठरलं तरी पुरे.

अगदी कोरं दिसणारं अंडं मात्र काळजीने बघा. टॉर्चवर कोरं दिसलं म्हणजे ते फळलेलंच नव्हतं, असं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मेलेला गर्भही बाहेरून कोराच वाटतो. फोडल्यावर बलकावर पांढुरका फेसासारखा थर किंवा रक्ताची बारीक रेघ दिसली तर अंडं फलित होतं आणि गर्भ लवकर मेला. बलक ताज्या अंड्यासारखा स्वच्छ असेल आणि त्यावर फक्त छोटा, घट्ट पांढरा ठिपका असेल तर ते खरंच अफलित. या दोन प्रकारांत गल्लत झाली की पुढचा सगळा तपास चुकीच्या दिशेने जातो. एकात कोंबडा दोषी असतो, दुसऱ्यात साठवण किंवा तापमान.

## ३. कधी मेला त्यावरून कारण शोधा

चांगल्या उबवणीतही काही गर्भ मरतातच, आणि ते मुख्यतः दोन टप्प्यांवर: तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या सुमारास आणि अठरा ते वीस या दिवसांत. तेव्हा एक-दोन मेलेले गर्भ पाहून निष्कर्ष काढू नका. एकाच टप्प्यावर ढीग दिसला तरच त्यामागे कारण असतं.

पहिल्या आठवड्यात मेलेले, अंड्यात रक्ताचं कडं दिसतं. अंडी फार दिवस साठवलेली, साठवताना गरम किंवा अति थंड झालेली, प्रवासात आदळलेली. किंवा सुरुवातीच्या दिवसांत यंत्र जास्त तापलेलं. यंत्र तासाभरात स्थिर होईल असं समजून लगेच अंडी ठेवणारे इथेच अडकतात. रिकामं यंत्र निदान चोवीस तास चालवून आकडा स्थिर राहतो का बघा.

मधल्या काळात, आठ ते सतरा दिवसांत मेलेले. या टप्प्यावर मरतुक एरवी सगळ्यात कमी असते. म्हणून इथे ढीग दिसला तर मी आधी कोंबड्यांच्या खाद्याकडे बघतो. जीवनसत्त्व ब२ कमी पडलं की मधल्या काळात गर्भ मरतात, आणि मेलेल्या पिल्लाची लव गाठी मारल्यासारखी, आखूड आणि गुंडाळलेली दिसते. खाद्य ठीक असेल तर अंडी न फिरवणं, जंतुसंसर्ग, किंवा मधे केव्हातरी यंत्र तापणं, या क्रमाने बघा.

पूर्ण वाढलेलं पिल्लू, पण कवचाला टोचाच मारलेला नाही. सगळ्यात जास्त सापडणारा प्रकार हाच. हवेची पोकळी लहान आणि पिल्लू ओलंचिंब, सुजल्यासारखं असेल तर आर्द्रता जास्त झाली; अंड्यातलं पाणी पुरेसं उडालं नाही. पोकळी खूप मोठी, पिल्लू लहान आणि पडदा सुकून अंगाला चिकटलेला असेल तर आर्द्रता कमी पडली. पोकळी योग्य आणि पिल्लूही व्यवस्थित, तरी मेलेलं, तर हवा कमी पडली का किंवा शेवटी तापमान वरखाली झालं का ते बघा.

टोचा मारून मेलेलं. शेवटच्या तीन दिवसांत झाकण उघडलं गेलं, आर्द्रता पडली, किंवा हवेची भोकं बंद होती. टोचा निमुळत्या टोकाला असेल तर पिल्लू उलटं वळलेलं होतं. अंडी निमुळतं टोक वर करून ठेवली की असं जास्त होतं.

निघालेली पिल्लंही साक्ष देतात. १९-२० व्या दिवशीच निघाली, अंगाने लहान, बेंबी नीट न मिटलेली: यंत्र गरम चाललंय. २२-२३ पर्यंत रेंगाळली, पोट मोठं आणि मऊ, पायांत जोर नाही: यंत्र थंड चाललंय. काही लवकर, काही उशिरा, असं दोन दिवस चालत राहिलं तर यंत्राच्या कोपऱ्यांत तापमान सारखं नाही, किंवा ताजी आणि जुनी अंडी एकत्र बसवली आहेत.

## ४. थर्मामीटरची झडती

तापमानाचा दोष दिसला तरी सेटिंग बदलू नका. आधी आकडा खरा आहे का ते बघा. स्वस्त यंत्रांवरचा आकडा एखाद-दोन अंशांनी सहज खोटा असतो, आणि उबवणीत एक अंशही फार मोठा असतो.

बर्फाच्या पाण्यात थर्मामीटर बुडवून शून्य येतं का बघायची पद्धत सगळे सांगतात. पण शून्याला बरोबर असलेला थर्मामीटर ३७ ला चुकू शकतो, आणि आपल्याला काम ३७ च्या आसपास आहे. त्यापेक्षा भांड्यात कोमट पाणी घ्या, त्यात ताप मोजायचा थर्मामीटर आणि सेन्सरची वायर शेजारी-शेजारी धरा, पाणी हळूहळू ढवळत राहा आणि दोन्ही आकडे ३७ ते ३८ अंशांच्या दरम्यान ताडून बघा. फरक आला तो थर्मामीटरवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा. तापाचा थर्मामीटर सर्वांत वरचा आकडा धरून ठेवतो, म्हणून प्रत्येक वेळी तो बंद करून पुन्हा सुरू करा.

आता किती हवं ते. पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअस (९९.५ फॅरनहाइट), सगळीकडे सारखं. पंखा नसलेल्या यंत्रात गरम हवा वर साठते, म्हणून अंड्याच्या वरच्या पातळीवर मोजून ३८.३ ते ३८.९ अंश (१०१ ते १०२ फॅरनहाइट). पंख्याच्या यंत्राचा आकडा बिनपंख्याच्या यंत्राला लावला, की अंड्यांचा खालचा भाग थंड राहतो आणि सगळी खेप रेंगाळते. सेन्सर झाकणाला टांगलेला असेल तर तो अंड्यांच्या पातळीला आणा.

सेन्सर चारही कोपऱ्यांत आणि मध्ये अर्धा-अर्धा तास ठेवून नोंद घ्या. फरक अर्ध्या अंशाहून जास्त असेल तर रोज अंड्यांच्या जागा बदलत जा.

आकडा मिनिटामिनिटाला थोडा वरखाली होतो त्याकडे दुर्लक्ष करा. ती हवा आहे. अंड्याच्या आतलं तापमान इतक्या झपाट्याने बदलत नाही. दर तासाला बटण फिरवणारा माणूस हा यंत्राचा सगळ्यात मोठा बिघाड असतो. मात्र यंत्र ठेवलंय कुठे ते पाहा: ऊन येणारी खिडकी, पंख्याखालची जागा, दारासमोरचा वारा टाळा.

वीज गेली तर झाकण उघडू नका, यंत्रावर चादर टाका, पण हवेची भोकं झाकू नका. काही तासांचा गारवा गर्भ बहुधा सहन करतो, पिल्लं उशिरा निघतात एवढंच. जास्त उष्णता तो सहन करत नाही. ४०.५ अंशांवर पाव तासही घातक ठरू शकतो. म्हणून वीज आल्यावर "भरपाई" म्हणून तापमान वाढवू नका.

## ५. आर्द्रता: आकड्यापेक्षा वजन बघा

सर्वसाधारण सल्ला असा: पहिले अठरा दिवस ४५ ते ५५ टक्के, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के. सुरुवात यानेच करा. पण जाड कवचाचं अंडं आणि पातळ कवचाचं अंडं एकाच आर्द्रतेत वेगवेगळं सुकतं, त्यात हायग्रोमीटर हे थर्मामीटरपेक्षाही बेभरवशाचं उपकरण. म्हणून खरा निकष वजन. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन सुमारे ११ ते १३ टक्क्यांनी घटायला हवं.

बारा अंडी ठेवताना मिळून ६६० ग्रॅम भरली असं समजा. १२ टक्के धरले तर अठराव्या दिवसापर्यंत सुमारे ७९ ग्रॅम घट हवी, आणि सातव्या दिवशी त्या हिशेबाने ३१ ग्रॅम. सातव्या दिवशी काट्यावर १५ ग्रॅमच घट दिसली तर आर्द्रता जास्त आहे. पाण्याचा एखादा कप्पा रिकामा करा. ४५ ग्रॅम दिसली तर पाणी वाढवा. मधे कोरी अंडी काढली असतील तर त्यांचं सुरुवातीचं वजन वजा करायला विसरू नका. त्यासाठी पहिल्या दिवशी प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलीने क्रमांक घालून वजन वहीत उतरवलेलं असावं.

वजनाचा खटाटोप नको असेल तर सातव्या, चौदाव्या आणि अठराव्या दिवशी टॉर्चवर हवेच्या पोकळीची कड पेन्सिलीने कवचावर आखा. अठराव्या दिवशी पोकळीने अंड्याचा साधारण एक तृतीयांश भाग व्यापलेला असावा.

हायग्रोमीटर तपासायचा तर बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकेच थेंब पाणी घाला, ते आणि हायग्रोमीटर हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी ७५ टक्के दिसायला हवेत. ७० दिसले तर तुमचा हायग्रोमीटर पाचने कमी दाखवतो.

एक बारीक गोष्ट: आर्द्रता ठरते पाण्याचा पृष्ठभाग किती पसरट आहे त्यावर, पाणी किती खोल आहे त्यावर नाही. कप्पा अर्धा भरा की काठोकाठ, फरक पडत नाही. वाढवायची तर दुसरं पसरट भांडं किंवा ओला स्पंज ठेवा.

## ६. फिरवणं आणि हवा

हाताने फिरवत असाल तर दिवसातून निदान तीनदा, शक्यतो विषम वेळा, म्हणजे रात्रीचा लांबलचक वेळ रोज एकाच कुशीवर जात नाही. एका बाजूला '×' आणि दुसऱ्या बाजूला '०' काढून ठेवा. पहिला आठवडा यात सगळ्यात महत्त्वाचा. तेव्हा चुकवलेल्याचे परिणाम शेवटी दिसतात. आपोआप फिरवणारा ट्रे असला तरी तो खरंच हलतोय का, हे खुणा बघून खात्री करा. मोटर आवाज करते आणि ट्रे जागचा हलत नाही, असं होतं.

हवेची भोकं आर्द्रता टिकवण्यासाठी बंद करू नका. शेवटच्या दिवसांत पिल्लांना सगळ्यात जास्त प्राणवायू लागतो, तेव्हा ती पूर्ण उघडी हवीत.

## ७. शेवटचे तीन दिवस: हात बांधून ठेवा

अठराव्या दिवशी शेवटची तपासणी करा, फिरवणं थांबवा, अंडी आडवी ठेवा, पाणी वाढवा आणि झाकण लावा. यानंतर झाकण उघडायचं नाही. पाणी घालायचं तर बाहेरून नळीने घाला. टोचा मारलेल्या अंड्याच्या पडद्यावर कोरडी हवा लागली की तो सुकून पिल्लाला आवळतो.

पहिला टोचा आणि बाहेर पडणं यात १२ ते २४ तास जाणं साधारण आहे. या वेळात पिल्लू उरलेला बलक पोटात ओढतं आणि पडद्यातल्या रक्तवाहिन्या रिकाम्या होतात. "अडकलंय बिचारं" म्हणून कवच सोललंत तर रक्तस्राव होतो. चोवीस तास उलटून गेले, काहीच प्रगती नाही आणि पडदा पिवळसर कोरडा पडलाय, तरच कोमट पाण्याने पडदा ओलावून टोच्याभोवतीचं थोडं कवच काढा. लाल रेघ दिसली की तिथेच थांबा.

निघालेली पिल्लं काढायची घाई नको. पोटातल्या बलकावर ती दोन दिवस खाण्या-पिण्याविना राहू शकतात. सुकून फुलली की सगळी एकदम काढा.

## ८. यंत्राबाहेरचे दोष

अंडी सात दिवसांपेक्षा जास्त साठवू नका. त्यानंतर रोज उबण्याची शक्यता घटत जाते. साठवण १३ ते १८ अंशांत, निमुळतं टोक खाली. फ्रिज त्यासाठी फार थंड असतो. थंड जागेतली अंडी यंत्रात घालण्याआधी काही तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर कवचावर ओल सुटते आणि जंतू आत शिरतात. पार्सलची अंडी आधी १२ ते २४ तास निमुळतं टोक खाली करून स्वस्थ ठेवा.

अंडी धुऊ नका. कवचावरचा नैसर्गिक लेप जातो. घाणीने माखलेलं अंडं बसवायचंच नाही, तडा गेलेलं, बेढब किंवा तलंगेचं पहिलंवहिलं छोटं अंडंही नाही. खुराड्यात घरटी कोरडी ठेवलीत तर नासक्या अंड्यांचा प्रश्न बराच तिथेच सुटतो.

कोरी अंडी जास्त असतील तर आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा आहे का ते मोजा. म्हातारा, लठ्ठ, पायाने अधू कोंबडा दिसायला रुबाबदार असला तरी कामाचा नसतो. नवा कोंबडा सोडल्यावर आठवडाभराने अंडी गोळा करायला घ्या. बसवण्याआधी त्याच कोंबड्यांची दोन-चार ताजी अंडी फोडून बघा: बलकावर मध्ये फिकट आणि भोवती कडं असा गोल ठिपका म्हणजे फलित, नुसता घट्ट वेडावाकडा ठिपका म्हणजे अफलित. फक्त अंड्यांसाठी बनवलेलं खाद्य खाणाऱ्या कोंबड्या भरपूर अंडी देतात, पण गर्भाला लागणारी जीवनसत्त्वं त्यात कमी असू शकतात. पैदाशीसाठीचं खाद्य अंडी गोळा करण्याच्या काही आठवडे आधीपासून द्या.

## ९. पुढची खेप

यंत्र पिसं-कवचं काढून साबणाच्या पाण्याने धुवा, निर्जंतुक करा, पूर्ण वाळवा. मागच्या खेपेत नासलेली अंडी निघाली असतील तर स्पंज नवाच घ्या.

आता तपासात सापडलेली एकच गोष्ट बदला. तापमान, आर्द्रता आणि कोंबडा, तिन्ही एकदम बदलले आणि निकाल सुधारला तर कशाने सुधारला ते कळणार नाही; बिघडला तर त्याहून वाईट. थर्मामीटरची चूक सापडली असेल तर तिचा मान पहिला, कारण तापमान चुकीचं असेल तर बाकी सगळ्या खुणाही फसव्या ठरतात. पहिली दुरुस्ती करताना महागडी किंवा दुर्मीळ जातीची अंडी वापरू नका. घरच्या कोंबड्यांची ताजी अंडी घ्या.

वहीत प्रत्येक खेपेला एवढे रकाने पुरतात: ठेवल्याची तारीख, अंड्यांचं वय, सुरुवातीचं वजन, सातव्या आणि अठराव्या दिवसाचं वजन, रोजचं तापमान आणि आर्द्रता, कोरी किती, लवकर मेलेली, मधे मेलेली, शेवटी मेलेली, टोचा मारून मेलेली, नासलेली, निघालेली, आणि पहिलं व शेवटचं पिल्लू कधी निघालं ती वेळ.